जनरेटर चांगला, डिझेल खराब: टाकीतलं पाणी आणि गाळ काढण्याची पद्धत

नाशिकच्या सातपूर-अंबडमधलं वर्कशॉप असो, पिंपळगावचं द्राक्षांचं कोल्ड स्टोअरेज असो की शहरातलं हॉस्पिटल, खराब डिझेलवरचा जनरेटर सुरू होताना सहसा त्रास देत नाही. लाईट जाते, सेट लगेच उचलतो, दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि पूर्ण लोड आला की दम टाकून बंद पडतो. बॅटरी ठीक, इंजिन ठीक, पण डिझेल फिल्टर चोक. दर आठवड्याच्या बिनलोड टेस्टमध्ये हे कळत नाही, कारण तेव्हा डिझेल इतकं कमी लागतं की अर्धा चोक झालेला फिल्टरही ते पुरवतो.

सुरुवात साठ्यापासून करा. ६२.५ केव्हीएचा सेट पूर्ण लोडवर ताशी साधारण १४ लिटर डिझेल पितो. १२ तासांची तयारी ठेवायची तर १७० लिटर, वर पाव भाग जादा, म्हणजे सुमारे २१० लिटर झाले. तेवढं पुरे. महिन्यातून अर्धा तास थोड्या लोडवर चालवलं तर तीन-चार लिटरच संपतात. अशा सेटला ९९० लिटरची टाकी भरून ठेवली, तर तेच डिझेल वर्षानुवर्षं पडून राहतं. साध्या साठवणुकीत ते सहा महिने ते वर्षभर चांगलं राहतं असं धरून चाला. (परवान्याशिवाय एका जागी २,५०० लिटरपर्यंत डिझेल ठेवता येतं, पण कुठलंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको.)

डिझेलचा खरा शत्रू पाणी. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं म्हणून पाणी होतं, असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण हिशेब करून बघा. नाशिकच्या हिवाळ्यात रात्री १० आणि दुपारी ३० अंश धरले, तरी ९९० लिटरची अर्धी टाकी दिवसाला तीस-पस्तीस लिटर हवा आत-बाहेर करते. त्यातून रोज काही थेंब पाणी सुटेल. टाकीच्या तळाशी लिटर-दोन लिटर पाणी सापडलं, तर ते दवाचं नाही. ते बहुधा पावसाचं. उघड्यावर उभं ठेवलेलं बॅरल हे त्याचं नेहमीचं कारण: वरच्या कडेच्या आत पाणी साचतं, संध्याकाळी बॅरल थंड झालं की बुचाच्या आट्यांतून तेच पाणी आत ओढलं जातं. बॅरल शेडमध्ये आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, डिझेलच्या पातळीखाली येतील अशी. टाकीच्या ब्रीदर पाइपचं (हवा आत-बाहेर जाण्याच्या नळीचं) तोंड खाली वळलेलं हवं आणि झाकणाचं वॉशर दर मे महिन्यात बदला.

आता ड्रेन. नवं डिझेल भरल्यावर २४ तास थांबा, म्हणजे पाणी आणि कण तळाशी बसतात. सकाळी, सेट चालवण्याआधी, ड्रेन कॉकखाली काचेची स्वच्छ बरणी धरा आणि कॉक पाव आटाच उघडा. भसकन उघडलात तर मधलं डिझेल धावून येतं आणि पाणी कडेला तसंच राहतं. बरणी पंधरा मिनिटं स्थिर ठेवून उजेडात बघा. चांगलं डिझेल लख्ख पारदर्शक दिसतं. धुरकट दिसलं तर त्यात बारीक पाणी मिसळलेलं आहे. खाली पाणी आणि त्यावर तपकिरी-काळे, चहावरच्या सायीसारखे पापुद्रे दिसले, तर जंतू-बुरशी लागली आहे. ते पाण्यात राहतात, डिझेल खातात आणि आम्ल सोडतात. टाकीचा पत्रा आतून गंजतो तो त्यामुळेही. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. ड्रेन कॉक नसेल तर तळापर्यंत पोचणाऱ्या पाइपचा हातपंप वापरा. खात्रीसाठी मोजपट्टीच्या खालच्या पाच सेंटीमीटरला वॉटर पेस्ट (पाणी ओळखणारा लेप) लावून मिनिटभर तळाशी टेकवा; पाणी असेल तिथपर्यंत रंग बदलतो. हे महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दर आठवड्याला.

बुरशी सापडली तर क्रम चुकवू नका: आधी पाणी काढा, मग बायोसाइड (जंतू-बुरशी मारणारं औषध) लेबलवरच्या मात्रेत, मग गाळणी. पाणी तसंच ठेवून औषध ओतलं तर पैसे वाया. मेलेला थरही सुटून फिल्टरमध्येच येतो, म्हणून जास्तीचे दोन फिल्टर आधी आणून ठेवा. गाळताना तळातून ओढा, १० मायक्रॉनचा फिल्टर आणि वॉटर सेपरेटरमधून (पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधून) न्या, टाकीच्या दुसऱ्या टोकाला सोडा. ९९० लिटरची टाकी २० लिटर प्रति मिनिटाच्या पंपाने एकदा फिरायला ५० मिनिटं लागतात. निदान पाच फेऱ्या करा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं हा उपाय नव्हे.

टाकी एमएस (साधं पोलाद) किंवा स्टेनलेसची, तळाला ड्रेनकडे उतार, सक्शन पाइप तळापासून ५०–७५ मिलिमीटर वर. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) टाकी आणि तांब्याचा पाइप टाळा: जस्ताचा चिकट साबण होतो, तांब्यामुळे डिझेल लवकर जुनं होतं.

१ जुलै २०२३ पासून जनरेटरच्या धुरासाठी सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) फोर प्लस निकष लागू झाले, त्यांत बसणाऱ्या बऱ्याच सेटना कॉमन रेल (फार जास्त दाबाने डिझेल फवारणारे) इंजेक्टर आहेत. त्यांना बारीक कणही चालत नाहीत. म्हणून नवा फिल्टर बसवताना त्यात बरणीतलं डिझेल ओतून भरू नका, हातपंपाने प्रायमिंग करा, म्हणजे डिझेल ओढून आतली हवा काढा. चालण्याचे ठरलेले तास भरले नाहीत तरी फिल्टर वर्षातून एकदा बदला.

काढलेलं पाणी आणि गाळ नाल्यात ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच द्या.