पांढऱ्या करकोच्याचा उपयोगी पडेल असा फोटो कसा काढावा

सातारा जिल्ह्याच्या माण-खटावकडच्या माळावर हिवाळ्यात पांढरा करकोचा शोधायला निघणार असाल, तर एक गोष्ट आधी मनाशी ठरवा. फोटो देखणा हवाच, पण त्यात पक्ष्याचे पाय आले पाहिजेत. युरोपात या करकोच्यांच्या पायांत क्रमांकाची रिंग घालतात. जर्मनीत रिंग घातलेले करकोचे बिकानेरला आणि थेट तिरुनेलवेलीला सापडल्याच्या नोंदी आहेत. रिंगवरची अक्षरं वाचता आली तर त्या एका पक्ष्याला कुठे रिंग घातली ते कळतं, त्याचा प्रवास नकाशावर मांडता येतो. आभाळात पसरलेले पंख कितीही सुंदर दिसले तरी त्यातून ही माहिती मिळत नाही.

१. पक्षी नीट ओळखा

पांढरं अंग, उडण्याची पिसं काळी, सरळ लाल चोच, लांब लाल पाय. उंची साधारण मीटरभर. घोटाळा होतो तो मुग्धबलाक या करकोच्याच्याच भाऊबंदाशी, कारण आपल्याकडे तोच जास्त दिसतो. त्याचा पांढरा रंग मळकट राखी असतो आणि चोच मिटली तरी मधली फट दिसते. चित्रबलाक हा आणखी एक भाऊबंद, त्याची चोच पिवळी. आणि घरट्यावर बसलेला करकोचा दिसला तर तो आपला पाहुणा नव्हे; पांढरा करकोचा घरटं करतो ते मुख्यतः युरोप आणि मध्य आशियात, इकडे तो फक्त हिवाळा काढायला येतो.

पाय लाल दिसले नाहीत म्हणून लगेच नाही म्हणू नका. ऊन तापलं की करकोचे स्वतःच्या पायांवर शिटतात. तो ओलावा वाळताना पाय थंड होतात. मग तेच लाल पाय चुन्यात बुडवल्यासारखे पांढरे दिसतात. हा थर रिंगवरही चढतो. म्हणून पक्षी चालत असताना, वळत असताना पायांचे भरपूर फोटो घ्या. एखाद्या कोनातून अक्षरं स्पष्ट येतात.

२. कुठे आणि कधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मायणी आणि येरळवाडीचे तलाव पक्षिमित्रांना माहीतच आहेत. मायणी परिसराला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पण नजर फक्त पाण्यावर ठेवू नका. नाकतोडे, बेडूक, उंदीर हे याचं खाणं, त्यामुळे ताजी नांगरट आणि दारं धरलेलं, म्हणजे पाटाचं पाणी सोडलेलं रान आधी बघा. सगळ्यात चांगली माहिती बांधावरच मिळते. ‘आबा, लाल चोचीचे मोठे पांढरे पक्षी उतरलेत का कुठं?’ एवढं विचारा. रानात जायचं तर त्यांना विचारून, आणि उभ्या शाळूत पाय न टाकता. दरवर्षी पक्षी दिसतीलच असं नाही, ही तयारी मनाची हवी.

सकाळी लवकर पोहोचा. जमीन तापली की गरम हवेच्या झोतावर गोल गोल फिरत करकोचे वर चढतात आणि निघून जातात. शिवाय त्या वेळी जमिनीलगतची हवा थरथरते आणि महागड्या लेन्सनेही फोटो अस्पष्ट येतो.

३. जवळ कसं जावं

गाडी हाच उत्तम आडोसा. इंजिन बंद करून खिडकीतून फोटो घ्या. पायी असाल तर वाकून, थांबत थांबत, थेट पक्ष्याच्या दिशेने न जाता तिरके चला. चरणं सोडून त्याने मान ताठ केली की तुम्ही पुरेसे जवळ आलात, तिथेच थांबा. उडतानाच्या फोटोसाठी थव्याला उठवणं मला अजिबात मान्य नाही. वसंतात त्याला हजारो किलोमीटर परत जायचंय, आणि त्या प्रवासाची शिदोरी तो इथल्या रानातच जमवतो. ड्रोन तर नकोच.

४. कॅमेरा

४०० मिमी किंवा त्याहून लांब लेन्स, आणि रॉ फॉरमॅट, म्हणजे नंतर सुधारता येईल अशी कच्ची फाइल. शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/१००० सेकंद, उडत्याला १/२०००. खरी कसोटी एक्स्पोजरची, म्हणजे फोटो किती उजळ येतो याची असते. मागे काळी नांगरट असली की कॅमेरा फसतो, चित्र उजळ करतो आणि पांढऱ्या पिसांतले तपशील कायमचे जातात. तेव्हा एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). उजळ आभाळावर नेमकं उलटं, थोडं वाढवावं लागतं. हायलाइट अलर्ट, म्हणजे जास्त उजळलेला भाग पडद्यावर लुकलुकवणारी सोय, चालू ठेवा. पांढरं अंग लुकलुकलं की आणखी कमी करा. काळी पिसं थोडी गडद आली तर रॉमधून उजळता येतात, उडालेला पांढरा रंग परत येत नाही.

५. नोंद आणि कळवणं

एक फोटो मुद्दाम रुंद घ्या: पीक, पाणी, विजेच्या तारा दिसतील असा. युरोपात विजेच्या तारांना धडकून आणि शॉक बसून कितीतरी करकोचे मरतात, म्हणून इथेही ते कुठल्या तारांजवळ उतरतात याची नोंद महत्त्वाची. तारीख, संख्या, काय खात होते हे ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. रिंग दिसली तर फोटो मुंबईच्या बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे) पाठवा. जखमी पक्षी आढळला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तारेखाली मेलेला सापडला तर हात न लावता खांबाच्या क्रमांकाचा फोटो घेऊन कळवा. समाजमाध्यमांवर मात्र फक्त तालुका लिहा, आणि तेही थवा तिथून हलल्यावर.