शून्यसुद्धा लिहा: बडोद्याहून ओहोटीच्या मोजणीला जाताना

दिवाळी उरकली की कुणाचा तरी फोन येतोच. "मावशी, कॉलेजातून नराऱ्याला नेतायत. बरोबर काय काय घेऊ?" नरारा म्हणजे कच्छच्या आखातातली, ओहोटीला समुद्रातले जीव बघायची जागा. कच्छच्या आखाताकाठच्या एका सागरी संशोधन केंद्रात मी तेवीस वर्षं तांत्रिक सहायक होते. आता दांडिया बाजारातल्या जुन्या घरी परत आलेय. काय घ्यायचं ते दोन मिनिटांत सांगून होतं. तिथे जाऊन करायचं काय, हे मात्र कुणी विचारत नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

बडोदेकरांनी समुद्र मोजणं ही काही नवी गोष्ट नाही. ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याचा भाग, गायकवाडांच्या राज्यात होतं, आणि बडोदे सरकारने सागरी जीवांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या सागरी जीवांची पाहणी करून घेतली होती. अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये आला, दुसरा १९१६ मध्ये. केंद्रात नव्याने आलेल्यांना वाटतं की बोटीतून हिंडायचं, पाण्यात बुड्या मारायच्या. प्रत्यक्षात बहुतेक दिवस त्याच जागी, त्याच मापाने, तेच प्राणी पुन्हा मोजण्यात जातात.

तारीख आधी ठरवा, तिकीट नंतर काढा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एकदोन दिवसांत उधाण असतं, तेव्हाच पाणी लांबवर ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फारसं ओसरत नाही. त्या दिवशी गेलात तर किनाऱ्यावर उभं राहून शेंगदाणे खायचे. माझे कोकणातले मामा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. चतुर्थीला तीन वाजता. तो हिशेब मुंबईकडचा, आखातात वापरू नका. आखातात जसजसं आत जावं तसतशी भरती उशिरा येते आणि पाण्याची चढउतारही वाढते. तोंडाशी असलेल्या ओख्यापेक्षा आतल्या कांडल्याला ती कितीतरी जास्त. सर्व्हे ऑफ इंडियाचं भरती-ओहोटीचं कोष्टक घ्या, आणि त्यात वेळेइतकीच उंचीही बघा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक चांगली खोल जाते, दुसरी नुसती नावाला.

आता चौकट. ती जमिनीवर ठेवायची आणि तिच्या आत जे असेल तेवढंच मोजायचं. अर्धा इंची पीव्हीसी पाइप, चार एल्बो आणि नायलॉनची दोरी, एवढं कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आतून ५० बाय ५० सेंटीमीटर हवी, आणि ते "आतून" महत्त्वाचं. मी पहिल्यांदा केली तेव्हा पाइपचे ५० सेंटीमीटरचेच तुकडे कापले, एल्बोंनी माप वाढवलं आणि चौकट आतून ५३ भरली. तीन सेंटीमीटरने काय होतंय, असं मला वाटलं. क्षेत्रफळात बारा टक्क्यांचा फरक पडतो! पाइपला जागोजागी भोकं पाडा, म्हणजे आत पाणी शिरून चौकट डबक्यात बुडते, नाहीतर तरंगत बसते. आडव्या चार आणि उभ्या चार दोऱ्या ताणून बांधल्या की पंचवीस घरं होतात. एक घर म्हणजे चार टक्के. सहा घरांत प्रवाळ असेल तर चोवीस टक्के, कागदावर गुणाकार नको.

पहिला सराव कमाटीबागेत करा. हसू नका, मी प्रत्येक तुकडीला करायला लावलाय. हिरवळीवर चौकट ठेवायची, एकाने दूर्वांची घरं मोजायची, दुसऱ्याने त्याच चौकटीत पुन्हा, पहिल्याचा आकडा न बघता. एकाचे चौदा येतात, दुसऱ्याचे नऊ. मग भांडण लागतं, आणि ते तिथेच लागलेलं बरं. अर्ध्याहून जास्त भरलेलं घरच धरायचं, असा काहीतरी नियम ठरतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सराव झाला की तिथल्याच म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा बघून या. १९४४ मध्ये महीच्या मुखाशी लागलेला मासा तो. त्यानंतर शेव-उसळ, अर्थातच.

लिहायला पेन्सिलच. पेनाची शाई ओली झाली की पसरते. जाड पांढऱ्या प्लॅस्टिकच्या तुकड्याला बारीक पॉलिश पेपर घासून घ्या, पाण्यातही त्यावर पेन्सिल उठते. दोन पेन्सिली दोऱ्याने पाटीला बांधून ठेवा. खायला भाकरवडी न्या, लाडू नको. बोटं तुपकट झाली की पेन्सिल निसटते, आणि खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर डाग पडतो. त्या काचेवर आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून आकडा शून्यावर आणायचा, मगच समुद्राचं पाणी. एरवी समुद्र हजारी पस्तिसाच्या आसपास असतो. आखातात पाऊस कमी, ऊन भरपूर, त्यामुळे आकडा चाळिशीकडे गेला तरी यंत्र बिघडलंय असं समजू नका.

वन खात्याची परवानगी कॉलेजने काढलीय ना, हे स्वतः विचारून घ्या. नरारा राष्ट्रीय सागरी उद्यानात येतं. प्रवाळ आणि समुद्रकाकडी या दोन्हींना वाघासारखंच पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मेलेल्या प्रवाळाचा खडाही खिशात घालायचा नाही.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पाण्यात उतरा आणि ओसरणाऱ्या पाण्यामागे चालत जा. घोट्याच्या वर येणारे, कडक तळाचे बूट हवेत. चपला चिखल ओढून घेतो. टेप पाण्याच्या दिशेने सरळ ताणायची आणि दर पाच मीटरला चौकट ठेवायची, तिथे काही दिसो न दिसो. नेमका इथेच मोह होतो. बाजूच्या डबक्यात ऑक्टोपस दगडाखाली सरकताना दिसतो, अंगाचा रंग तपकिरीचा पांढुरका करतो, आणि चौकट आपसूक तिकडे वळते. बघा त्याला मनसोक्त, फोटो काढा, पण चौकट टेपवरच. दगड उलटलात तर जसा होता तसाच परत ठेवा. खाली चिकटलेल्यांना ऊन सोसत नाही. फुगा मासा हातात धरून फुगवून दाखवणारा एखादा दादा भेटतोच. त्याला नको म्हणा. शंकूच्या आकाराचा शंख दिसला तर हात मागे. आतला जीव विषारी नांगी मारतो.

आणि शून्य लिहा. माझ्या पहिल्या वर्षी चाळीस चौकटींपैकी सतरा मी कोऱ्या ठेवल्या होत्या. नुसती वाळू होती, काय लिहायचं? आमच्या साहेबांनी तक्ता उलटसुलट करून विचारलं, "इथे काही नव्हतं, की तू बघितलंच नाहीस?" मला सांगता येईना. टेपवरची सगळी मोजणी रद्द झाली, पंधरा दिवसांनी पुढच्या उधाणाला पुन्हा गेलो. दहा वर्षांनी एखादा प्राणी तिथून गेला की तिथे कधी नव्हताच, हे तुमच्या शून्यावरूनच कळणार आहे.

कोष्टकातली ओहोटीची वेळ झाली की पाठ फिरवा, पाणी अजून उतरतंय असं दिसलं तरी. इथली जमीन सपाट, त्यामुळे पाणी समोरून येत नाही. तिवरांमधल्या चरांतून मागून शिरतं. मी एकदा "ही शेवटची चौकट" म्हणत राहिले आणि जाताना घोटाभर असलेला चर परतताना कमरेला लागला. चौकट डोक्यावर, पाटी दातात.

मुक्कामी पोचलात की टेप आणि थर्मामीटर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. आंघोळीला जायच्या आधी पाटीवरचं वहीत उतरवून घ्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. शून्य आलं की वाचणाऱ्याने ते मोठ्याने म्हणायचं, लिहिणाऱ्याने पुन्हा म्हणायचं. मग पाटीचा फोटो काढून दोघांना पाठवा. पाटी पुसायची ती बडोदं आल्यावर.