ज्यू संस्थेत पगारी फॅमिली लीव्ह मागायची तर सुरुवात कुठून करायची

अमेरिकेतल्या सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), ज्यू शाळा, कम्युनिटी सेंटरमध्ये काम करणाऱ्यांनी आधी एक गोष्ट नीट बघा, आपल्याकडे माणसं किती आहेत. कारण १९९३ चा फेडरल, म्हणजे अख्ख्या देशाचा कायदा फॅमिली लीव्ह, म्हणजे बाळासाठी किंवा घरच्यांच्या आजारपणासाठी १२ आठवडे सुट्टी देतो खरा पण ती बिनपगारी, आणि खाजगी संस्थेत ५० च्या खाली स्टाफ असेल तर तीपण नाही, म्हणजे बरीच छोटी सिनेगॉग त्यातून बाहेरच राहतात.

मग आपल्या राज्याचा कायदा बघा. न्यूयॉर्कमध्ये २०१८ पासून पगारी लीव्ह आहे, आता १२ आठवडे, पगाराच्या ६७ टक्के (वर कमाल मर्यादा आहेच), आणि हे पैसे मुख्यतः कर्मचाऱ्यांच्याच पगारातून थोडे थोडे कापून उभे राहतात. म्हणजे असा कायदा आपल्याला लागू होत असेल तर बोर्डाकडे, म्हणजे संस्था चालवणाऱ्या मंडळाकडे, पूर्ण पगार मागायची गरज नाही, फक्त वरचा फरक भरा म्हणायचं. हा आकडा कागदावर मांडूनच मीटिंगला जा, नाहीतर "बजेट नाही" एवढ्यावर विषय संपतो.

एकटीने जाऊ नका, दोन-तीन जण मिळून जा, त्यात एखादा बाबा असूद्याच, कारण फक्त आईला सुट्टी दिली की प्रमोशनच्या वेळी बाईच मागे राहते. दत्तक मूल, आजारी आईवडील हेपण पॉलिसीत लिहून घ्या. तोंडी "बघू आपण" नको, त्यात जिची बॉसशी ओळख तिलाच सुट्टी मिळते.

आणि तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, सांगतेच ना, मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, हे बोर्डासमोर बिनधास्त म्हणा, त्यांच्या मनाला ते लागतं.