लंडनला नवीन आलात? ‘-इंग’ आणि त्याच्या पुढचा छोटा शब्द

इथे नवीन येणाऱ्या आपल्या मंडळींचं इंग्रजी कच्चं नसतं. ऑफिसातल्या मीटिंगा ती व्यवस्थित निभावतात, ईमेल तर कित्येक इथल्यांपेक्षा शुद्ध लिहितात. गाडी अडते ती घरमालकाला फोन करताना, डॉक्टरकडे, मुलांच्या शाळेच्या फाटकापाशी. अशा ठिकाणी सगळं बोलणं ‘आत्ता काय चाललंय आणि कुठे, कशाबद्दल, कोणासाठी’ यावर चालतं. म्हणजे शाळेतला कंटिन्युअस टेन्स आणि त्याला लागून येणारं प्रिपोझिशन. शाळेत हे दोन वेगळे धडे होते. इथे ते एका दमात बोलले जातात, म्हणून माझं सांगणं एवढंच, की ते जोडीनेच पाठ करा: वेटिंग फॉर, लिसनिंग टू, स्टेइंग विथ, कॉलिंग अबाउट.

जोडीने का, तर आपला ‘-ला’ फार कामाचा आहे. बसला थांबलोय, डॉक्टरांना भेटायला आलोय, पाच वाजता मीटिंगला बसतोय, पुण्याला निघालोय. एक प्रत्यय सगळीकडे चालतो. इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाने आपला जोडीदार ठरवून टाकलाय आणि तो बदलला की अर्थ बदलतो. लुकिंग ॲट म्हणजे बघणं, लुकिंग फॉर म्हणजे शोधणं, लुकिंग आफ्टर म्हणजे सांभाळणं. ‘आयम लुकिंग आफ्टर अ फ्लॅट’ म्हटलंत तर एजंटला वाटेल, तुम्ही कोणाच्या तरी फ्लॅटची देखभाल करताय.

दुसरी अडचण मराठीच्याच घडणीतली आहे आणि ती एकदा नीट समजून घेतली की निम्मं काम होतं. आपण म्हणतो, तो झोपलाय, ती खिडकीपाशी बसलीये, तिने निळा कोट घातलाय. क्रिया होऊन गेली, आता अवस्था उरली, असा आपला हिशोब. इंग्रजीच्या लेखी तीच अवस्था चालू असते: हीज स्लीपिंग, शीज सिटिंग बाय द विंडो, शीज वेअरिंग अ ब्लू कोट. उलट समजतंय, दिसतंय, ऐकू येतंय, आठवतंय ही सगळी आपल्याकडे चालू रूपं. इंग्रजीत मात्र साधी. आय अंडरस्टँड. आय कॅन सी इट. आय कॅन हिअर यू. आय रिमेंबर. ‘आयम नॉट अंडरस्टँडिंग’, ‘आयम नोइंग हिम’ ही वाक्यं भारतात सर्रास चालतात, इथेही अर्थ कळतो. पण समोरच्याचं लक्ष तुमच्या म्हणण्यावरून तुमच्या भाषेवर जातं. भाड्याच्या घराबद्दल बोलताना किंवा इंटरव्ह्यूत ते लक्ष म्हणण्यावरच राहिलेलं बरं.

(इथले लोक, विशेषतः उत्तर इंग्लंडातले, ‘ही वॉज सॅट बाय द विंडो’, ‘आय वॉज स्टूड ॲट द बस स्टॉप’ असं बोलतात. ते अगदी आपल्या ‘बसला होता’सारखं लागतं आणि कानाला गोड वाटतं. ऐका, पण अर्जात लिहू नका.)

‘हॅव’बद्दल जरा जपून. मालकीचं असेल तर त्याला -इंग लागत नाही: आय हॅव टू चिल्ड्रन. घडत असेल तर लागतं: वी आर हॅविंग लंच, आयम हॅविंग अ बेबी इन मार्च. ‘शी इज हॅविंग टू चिल्ड्रन’ ऐकल्यावर इथला माणूस जुळ्यांचं अभिनंदन करेल.

आता ‘स्टेइंग’. आपण ‘कुठे राहता?’ याचं ‘व्हेअर आर यू स्टेइंग?’ करतो. इथे स्टेइंग म्हणजे मुक्काम: आयम स्टेइंग विथ माय कझिन, आयम स्टेइंग ॲट अ हॉटेल. कायमचं घर असेल तर आय लिव्ह इन हॅरो. सध्यापुरतं असेल तर आयम लिव्हिंग इन हॅरो ॲट द मोमेंट. बँकेत किंवा शाळाप्रवेशाच्या वेळी पत्ता सांगताना हा फरक पाळा. ‘स्टेइंग ॲट धिस ॲड्रेस’ म्हटलं की तुम्ही चार दिवसांचे पाहुणे आहात असं वाटू शकतं. आणि किती वर्षं राहताय हे सांगताना ‘आयम लिव्हिंग हिअर सिन्स’ नको. आयव्ह बीन लिव्हिंग हिअर सिन्स 2021, किंवा फॉर थ्री इयर्स. सिन्सच्या पुढे सुरुवात, फॉरच्या पुढे कालावधी.

वाहनांचं सोपं आहे. ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ऑन: ऑन द बस, ऑन द ट्रेन, ऑन द ट्यूब (ट्यूब म्हणजे लंडनची भुयारी रेल्वे). वाकून शिरावं लागतं त्याला इन: इन द कार, इन अ टॅक्सी. उतरताना अनुक्रमे गेटिंग ऑफ आणि गेटिंग आउट ऑफ.

कान तयार करायला ट्यूबइतकी चांगली शाळा नाही. ज्युबिली लाइनवर वेम्ब्ली पार्कच्या अलीकडे गाडी थांबली की ड्रायव्हर सांगतो, ‘वी आर बीइंग हेल्ड ॲट अ रेड सिग्नल, वी शुड बी मूव्हिंग शॉर्टली.’ हे आत्तापुरतं, म्हणून -इंग. तीच गाडी पुढे जाणार नसेल तर ‘धिस ट्रेन टर्मिनेट्स ॲट वेम्ब्ली पार्क’. हे ठरलेलं, म्हणून साधं रूप. सबंध धडा दोन वाक्यांत. त्यातला ‘ॲट’ जवळपास ऐकूच येत नाही, नुसता ‘अट्’ येतो आणि विरतो. वेटिंग फॉरमधला फॉर ‘फ’ होतो, लुकिंगचं पुष्कळदा ‘लुकिन’ होतं. हे छोटे शब्द आपण ठासून म्हणतो आणि मग समोरच्याचे ऐकू येत नाहीत म्हणून गांगरतो. जोर क्रियापदावर आणि नामावर टाका, मधलं पटकन उरका. बोलणं एकदम इथलं वाटायला लागतं.

घरमालकाला तक्रार सांगताना आपले ‘-तून’ आणि ‘-खालून’ उपयोगी पडतात. सिंकच्या खालून पाणी गळतंय: इट्स लीकिंग फ्रॉम अंडर द सिंक. खाल आणि ऊन, तसेच अंडर आणि फ्रॉम, फक्त क्रम उलटा. छतातून पाणी येतंय: वॉटर इज कमिंग थ्रू द सीलिंग. बॉयलर बंद पडलाय हे मात्र ‘द बॉयलर इज नॉट वर्किंग’. पुन्हा तेच, आपलं झालेलं ते त्यांचं चालू. नेमकं कुठून गळतंय ते सांगितलंत की प्लंबर योग्य सामान घेऊन येतो.

मागणी करताना ‘आय वॉन्ट’ने सुरुवात करू नका, फार तोडून बोलल्यासारखं होतं. इथे -इंग मऊपणासाठी वापरतात: ‘आयम कॉलिंग अबाउट द फ्लॅट ऑन युअर वेबसाइट. आय वॉज वंडरिंग इफ इट्स स्टिल अव्हेलेबल.’ आत्ताच विचारायचं असूनही ‘वॉज’. यात परकं काही नाही. आपणही शेजारणीला ‘मी काय म्हणत होते, जरा वाटीभर साखर मिळेल का?’ असंच विचारतो.

तब्येतीचं सगळ्यात महत्त्वाचं, विशेषतः आई-वडील तुमच्याकडे राहायला आले असतील तर. डॉक्टरला दुखणं कधीपासून, किती वेळ आणि कुठे हे हवं असतं: आयव्ह बीन हॅविंग पेन इन माय लेफ्ट नी फॉर टू वीक्स. तातडीचं पण जिवावरचं नसेल तर 111 या आरोग्यसेवेच्या नंबरला फोन करा. तिथे आणि तुमच्या डॉक्टरकडेही दुभाषी मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. ‘आय नीड अ मराठी इंटरप्रिटर’ एवढं आईला नक्की शिकवून ठेवा. संकोच करायला लावू नका.

जिवावरचं असेल तर 999. आधी कोणती सेवा हवी ते विचारतात. ॲम्ब्युलन्स म्हटलं की पहिल्या प्रश्नांतच येतं, ‘इज द पेशंट ब्रीदिंग?’ उत्तर त्याच साच्यात द्या, मोठी हकीकत सांगत बसू नका. हीज ब्रीदिंग. हीज नॉट ब्रीदिंग. हीज लाइंग ऑन द किचन फ्लोअर. शीज ब्लीडिंग फ्रॉम हर हेड. ‘पडलेत’चं भाषांतर करून नुसतं ‘ही हॅज फॉलन’ म्हटलंत तर आत्ता ते कोणत्या अवस्थेत आहेत हे पलीकडे कळत नाही आणि फोन घेणाऱ्याला तेच हवं असतं.

घरात ज्येष्ठ असतील तर एक कागद आजच फ्रिजवर लावा. ठळक देवनागरीत ‘आयम कॉलिंग फ्रॉम’ आणि पुढे घर क्रमांक, रस्ता, पोस्टकोड. त्याखाली ब्रीदिंगची दोन वाक्यं, त्याखाली ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’. रविवारी चहाच्या वेळी एकदा त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या, पोस्टकोडची अक्षरं सुटी सुटी करून.

तुमच्या स्वतःच्या सरावासाठी कौन्सिलच्या लायब्ररीत विचारा. बऱ्याच ठिकाणी इंग्रजी संभाषणाचे गट चालतात. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळातही जरूर या. 1932 पासूनची संस्था आहे, माणसं जिव्हाळ्याची आहेत आणि घर, शाळा, डॉक्टर यांबद्दल तिथे मिळणारी माहिती सोन्यासारखी आहे. मात्र मंडळात आपण मराठीच बोलतो, तेव्हा घरमालकाला करायचे फोन तुम्हालाच करावे लागतील. फोनच्या आधी पहिलं वाक्य कागदावर लिहा, -इंगपासून त्याच्या जोडीदारापर्यंत, आणि मगच नंबर लावा.