कारखान्यातल्या मोटरचं लाईट बिल कसं कमी करायचं

10 एचपीची, म्हणजे 7.5 किलोवॅटची साधी जुनी मोटर रोज 16 तास, वर्षाचे 300 दिवस फुल लोडवर चालली तर जवळपास 42,000 युनिट खाते. 9 रुपये युनिट धरलं तरी पावणेचार लाख झाले की! आणि आपण मोटर घेताना दोन हजारांसाठी घासाघीस करत बसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात आधी एक वही घ्या. प्रत्येक मोटरचे नेमप्लेटवरचे एचपी, आरपीएम, अँपिअर लिहा, रोज किती तास चालते आणि आजवर कितीदा रिवाइंड झाली, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळली, तेही लिहा. जी जास्त तास चालते तिच्याकडे आधी बघायचं, मग ती छोटी का असेना.

मग लोड मोजा. इथे बरेच जण फसतात, क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) लावला, फुल लोडच्या अर्धे अँपिअर दिसले, म्हणजे लोड अर्धा असं नसतं, कारण रिकामी फिरणारी मोटरसुद्धा फुल लोडच्या साधारण 30-40 टक्के करंट ओढते. किलोवॅट दाखवणारा मीटर लावा, आणि पॅनल लायसन्सवाल्या वायरमनकडूनच उघडून घ्या.

आता फुकटातली कामं. जेवणाच्या सुट्टीत मशीन रिकामं फिरत असेल तर बंद करा. सुट्टीच्या दिवशी सगळं शांत असताना फक्त कॉम्प्रेसर चालू करून हवेच्या लाइनवरून फिरा, फुसफुस ऐकू येईल तिथे साबणाचं पाणी लावून लीकेज पकडा. 7 बारऐवजी 6 बारवर काम भागत असेल तर प्रेशर कमी करा, कॉम्प्रेसरची 6-7 टक्के वीज तिथेच वाचते.

ब्लोअरचा डॅम्पर, म्हणजे हवा अडवणारी झडप, कायम अर्धा बंद असेल तर तो पूर्ण उघडून व्हीएफडीने, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हने, स्पीड कमी करा. स्पीड 80 टक्के केला की पॉवर जवळपास निम्म्यावर येते. पंपाचं पाणी उंच टाकीत चढवायचं असेल तर मात्र एवढा फायदा मिळत नाही. आणि कायम फुल स्पीडवर फुल लोड घेणाऱ्या मशीनला व्हीएफडी लावू नका, उलट ड्राइव्ह स्वतःच थोडी वीज खातो.

मोटर जळाली तर लगेच रिवाइंडिंगला पाठवू नका. जुनी वाइंडिंग नको तेवढ्या उष्णतेने जाळून काढली की कोअर, म्हणजे मोटरचा आतला लोखंडी गाभा, खराब होतो आणि मोटर पुढे कायम जास्त वीज खात राहते. आयई1, आयई3 हे मोटरच्या एफिशियन्सीचे दर्जे, आकडा मोठा तेवढी वीज कमी. वर सांगितलेल्या जुन्या मोटरची, म्हणजे आयई1 ची, एफिशियन्सी 86 टक्के, नव्या आयई3 ची 90.4, म्हणजे तेवढ्याच तासांत वर्षाला 2,000 युनिटचा फरक, दिवसभर चालणाऱ्या मोटरला नवीनच परवडते.

नवीन बसवताना फॅन किंवा पंप असेल तर आरपीएम नक्की बघा. आयई3 मोटर जरा जास्त स्पीडने फिरते आणि फॅनचा स्पीड 1 टक्का वाढला की पॉवर 3 टक्के वाढते, त्यामुळे वाचलेली वीज तिथेच जाऊ शकते. बेल्टवर असेल तर पुली बदलून फॅनचा स्पीड पहिल्याएवढा करून घ्या.