कॉलरबोन मोडलं : झोळी की प्लेट?

जुलैच्या पावसात साताऱ्यात माझी स्कूटर घसरली आणि मी उजव्या खांद्यावर आपटले. कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मधोमध मोडलं. माझं ऑपरेशन झालं नाही, हात गळ्यात अडकवलेल्या कापडी झोळीत ठेवून भागलं. पुढच्या वर्षी कबड्डी खेळताना धाकट्या भावजींचं तेच हाड मोडलं आणि त्यांना ऑपरेशन करून हाडावर धातूची प्लेट बसली. आम्हा दोघांचेही निर्णय योग्यच होते. तुमच्या घरी ही वेळ आली तर कसं ठरवायचं, ते सांगते.

आधी नीट बघा. हाडाच्या टोकामुळे कातडी ताणून पांढरी पडली असेल, जखमेतून हाड दिसत असेल, हात बधिर किंवा गार पडला असेल, धाप लागत असेल, तर घरी चर्चा करत बसू नका. लगेच हॉस्पिटल गाठा.

तसं काही नसेल तर एक्स-रे उभ्याने काढून मागा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत सरकलेलं हाड बऱ्याचदा कमी सरकलेलं दिसतं. मग डॉक्टरांना विचारा : टोकं एकमेकांपासून पूर्ण सुटलीत का? एकावर एक चढून हाड किती आखूड झालंय? माझी टोकं टेकलेली होती. भावजींची सुटून अडीच सेंटिमीटर चढली होती. साधारण दोन सेंटिमीटरच्या पुढे ऑपरेशनचा विचार गंभीरपणे होतो. खांद्याच्या टोकाकडचं हाड मोडून सरकलं तर ते न जुळण्याची भीती आणखी जास्त. लहान मुलांचं मात्र बहुतेक वेळा झोळीतच जुळतं.

पूर्ण सरकलेल्या हाडांबद्दल 2007 साली कॅनडातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. बिनऑपरेशनच्या 49 जणांपैकी 7 जणांचं हाड जुळलंच नाही, प्लेट बसवलेल्या 62 पैकी फक्त दोघांचं. पण ब्रिटनमधल्या 2017 च्या चाचणीत नऊ महिन्यांनी दोन्ही गटांचे हात जवळपास सारखेच चालत होते. प्लेटवाल्यांना आराम लवकर पडला, आणि हाड न जुळण्याचं प्रमाण तिथेही त्यांच्यात कमीच होतं. म्हणून तुमचं काम काय, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. भावजी उसाची मोळी खांद्यावर घेतात, त्यांना लवकर उभं राहायचं होतं. त्याची किंमतही आहे : व्रणाखालची कातडी अजून बधिर आहे, बॅगेचा पट्टा प्लेटवर रुततो, आणि ती काढायची तर पुन्हा ऑपरेशन. जंतुसंसर्गाचा धोका असतोच. तंबाखू, विडी, सिगारेट मात्र दोन्हीकडे बंद. धूम्रपान करणाऱ्यांचं हाड न जुळण्याचा धोका वाढतो.

मला सुरुवातीला पाठीवरून आवळायचा आठच्या आकड्यासारखा पट्टा दिला होता. काखा सोलल्या, बोटांना मुंग्या आल्या. डेन्मार्कमध्ये 1987 साली पट्टा आणि साधी झोळी यांची तुलना झाली, तेव्हा हाड दोन्हींत सारखंच जुळलं आणि झोळीचा त्रास कमी निघाला. मी हे विचारल्यावर डॉक्टरांनी लगेच पट्टा बदलून झोळी दिली. विचारायला लाजू नका.

झोळीतले दिवस खरे कठीण. पहिले दोन आठवडे मी पाठीशी तीन उशा लावून अर्धवट बसून झोपले. आडवं झालं की टोकं हलल्यासारखी कळ येते. पुढून उघडणारे गाऊन घ्या. कपडा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. ब्लाउज महिनाभर विसरा. केस विंचरायला घरातलं कुणीतरी लागतं. माझे सासूबाईंनी विंचरले. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवा, नाहीतर ते आखडतात. खांद्याचे व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हाच. मला सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायची मनाई होती, म्हणून वर्गात फळ्यावर मुलींकडून लिहून घ्यायचे. जड वजन तीन महिने नाही.

आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढाच, हाड नंतरही सरकू शकतं. तीन-चार महिन्यांनीही तिथे दुखत असेल, टोकं हलल्यासारखी वाटत असतील, तर दाखवा. न जुळलेल्या हाडावर तेव्हाही प्लेट बसवता येते.