शेजारच्या बिस्त्रोत सहकुटुंब जेवायला जाताना

पणजीच्या फोंताइन्यस भागात जुन्या घराच्या ओसरीवर आणि पुढच्या खोलीत आठ-दहा टेबले मांडून चालवलेल्या बिस्त्रोत दोघांचे जेवण सहज पार पडते; आजी-आजोबा आणि मुले धरून नऊ माणसे नेली की मात्र तीच जागा अडचणीची वाटू लागते. म्हणून खरी तयारी घरूनच करावी.

सर्वांत आधी वार पाहावा. गोव्यातील अनेक हिंदू घरांत सोमवारी आणि गुरुवारी मासे शिजत नाहीत, आणि श्रावणात तर पुष्कळांचा पूर्ण महिनाच शिवराक, म्हणजे शाकाहारी, जातो. वार ठरला की आदल्या दिवशी फोन करून माणसांची संख्या सांगावी आणि आजींना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत असे टेबल मागून घ्यावे. संध्याकाळी स्वयंपाकघर बहुधा सात-साडेसातला सुरू होते. मुले असतील तर तीच वेळ धरावी, कारण नऊनंतर गर्दीत पदार्थ उशिरा येतात आणि तोपर्यंत मुले पावावरच पोट भरून घेतात.

घरात कोणी शिवराक असेल तर तेही फोनवरच सांगावे आणि तवा व तळणीचे तेल वेगळे मिळेल का, हे स्पष्ट विचारावे. लहान स्वयंपाकघरात बटाट्याचे काप आणि बांगडा एकाच कढईत तळले जाण्याचा संभव असतो. मशरूम शाकुती (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा) किंवा अळसांद्याचे तोणाक (चवळीसारख्या कडधान्याचा नारळाचा रस्सा) मिळत असेल, तर शिवराक माणसाला केवळ सॅलडवर वेळ मारून न्यावी लागत नाही.

माशांच्या बाबतीत मात्र घाई करू नये. मेन्यूवर चणक किंवा तामसो यांच्यापुढे किमतीऐवजी ‘साइझप्रमाणे’ असे छापलेले असते, आणि एकदा आम्ही त्याकडे दुर्लक्ष करून ‘एक बरासा चणक आणा’ एवढेच सांगितले, तेव्हा उरलेल्या सगळ्या जेवणापेक्षा त्या एका माशाचेच बिल जास्त झाले. दोष आमचाच होता. तेव्हापासून आम्ही कच्चा मासा ताटात घालून टेबलापाशी आणायला सांगतो, डोळा फुगीर व स्वच्छ आहे का आणि कल्ला लाल आहे का ते पाहतो, वजन आणि दर दोन्ही विचारतो, आणि मगच रेशाद (लाल मसाला भरून) की रवा फ्राय ते ठरवतो. असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगला पात्रांव, म्हणजे मालक, मासा दाखवायला उत्सुकच असतो. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा इसवण (सुरमई) ‘ताजी’ असल्याचे कोणी ठामपणे सांगितले, तर ती कुठून आली हेही विचारावे.

मुलांसाठी बांगडा मागवू नये, काटे काढण्यातच आईचे जेवण थंड होते. इसवणीची रवा लावलेली तुकडी किंवा नारळाच्या दुधातले सौम्य काल्दीन त्यांना मानवते. काफ्रियाल चिकन हिरवे दिसते म्हणून मवाळ समजू नये, त्यात कोथिंबिरीबरोबर हिरवी मिरचीही भरपूर असते. ऑर्डर एकाच व्यक्तीने द्यावी आणि आजींचा पदार्थ आधी सांगावा. नऊ जणांनी नऊ वेगळ्या डिश मागवण्यापेक्षा चार-पाच मध्ये ठेवून वाटून घेतलेल्या बऱ्या, आणि पोळीऐवजी पोय हा गोव्याचा पाव घ्यावा, म्हणजे शाकुतीचा रस्सा वाया जात नाही.

गोडासाठी बेबिंका सुचवताना एक खबरदारी घ्यावी: त्याच्या थरांत अंड्याचे बलक असतात. अंडे न खाणाऱ्यांना तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि काळा गूळ यांचे दोदोल चालते.

बिल आल्यावर ते वाचावे. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर 5 टक्के जीएसटी असतो, तर मद्यावरचा कर वेगळा लागतो. सेवाशुल्क ग्राहकाला न विचारता बिलात घालता येत नाही; केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तसे मार्गदर्शक तत्त्व काढले आहे. ते घातलेले दिसले तर शांतपणे काढायला सांगावे आणि जेवण वाढणाऱ्या वेटरच्या हातात टीप स्वतः द्यावी. बिल दुरुस्त होईपर्यंत उरलेले बेबिंका बांधून घ्यावे. दुसऱ्या दिवशीही ते छान लागते.